मोतीचे घुंगरू

आमचा पुतण्या हैदराबादला एका फार्म हाउसवर राखणीला होता. मुखेडला परत येताना त्याने मालकाकडचे पॉइंटर जातीचे पिल्लू आणले. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब कान. नाव ठेवले मोती. आमच्या घरात कुत्र्याचे वावडे नाही. खुद्द बाबासाहेबांना कुत्र्यांचा लळा होता; राजगृहातील १९३४ सालच्या कौटुंबिक फोटोत रमाईंसोबत त्यांचा टॉबीही आहे. तेव्हा मोतीला जागा मिळाली. वाद झाला तो पुढे.

आपल्याकडचे पश्मी किंवा कारवानी कुत्रे नजरेने ससा हेरून मोकळ्या माळावर धावतात. पॉइंटर वासावर चालतो. झुडपात दडलेल्या पक्ष्याचा वास आला की तो जागच्या जागी ताठ उभा राहतो. नाक पक्ष्याकडे, शेपूट सरळ, कधी पुढचा एक पाय उचललेला. हे थांबणे त्याच्या रक्तातच असते, पण लहानपणी टिकत नाही. सहा-सात महिन्यांचे पिल्लू दोन क्षण थांबते आणि झडप घालते. सारे शिक्षण त्या झडपेला आवर घालण्याचे. पुतण्याने मोतीला वीस हात चऱ्हाट बांधले, सीताफळीच्या झुडपात डालग्याखाली घरचीच कोंबडी झाकून ठेवली आणि वारा तोंडावर येईल अशा बाजूने त्याला नेले. मोती थांबला की "थांब" हा एकच शब्द बोलून हळूच पाठ थोपटायची. झेपावला की चऱ्हाटाने मागे आणून पुन्हा त्याच जागी उभा करायचा. मारायचे मात्र नाही. मार बसला की पिल्लू पक्ष्याच्या वासालाच भिते. बंदुकीच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून तो लांबवर परात बडवीत असे. आमच्या मते ते काम १४ एप्रिलच्या मिरवणुकीने फुकटात करून ठेवले होते!

दाट झाडीत कुत्रा दिसत नाही, म्हणून गळ्यात घुंगरू. वाजते आहे तोवर शोध चालू. वाजायचे थांबले की पक्षी सापडला असे समजायचे.

एके रात्री जेवताना पुतण्या म्हणाला, "काका, दिवाळी झाली की मोतीला किनवटच्या जंगलात नेतो. दोस्ताकडे बंदूक आहे. तित्तर पाडू."

आम्ही हातातला घास खाली ठेवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तित्तर मारणे हा गुन्हा आहे, त्यात कैद होऊ शकते. आणि हा पोरगा पोलीस भरतीचा फॉर्म भरून बसलेला! तो म्हणाला, "आपण मटण-कोंबडी खातोच की. मग तित्तरात काय वेगळं?" वस्तीतल्या विहारात तेव्हा वर्षावासानिमित्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालू होते. त्यात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि निव्वळ मारण्याच्या इच्छेने मारणे यांत फरक केला आहे. आम्ही ती पाने त्याच्यापुढे ठेवली आणि विचारले, "तुझ्या ताटात भाकरीचा तोटा आहे का?"

तो ऐकेना. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली आमची आई बोलली. "लेकरा, निजामाच्या काळात तुझा पणजा हाक्याला जायचा. वतनदाराची शिकार निघाली की सांगावा यायचा. आपल्या गड्यांनी डबे बडवीत काट्याकुट्यातून जनावरं उठवायची. दिवसभराची वेठ, मजुरी नाही. शिकारीच्या कुत्र्याला हौदावर पाणी मिळायचं, तुझ्या पणज्याला वढ्याला जावं लागायचं." महाडला १९२७ साली सत्याग्रह का करावा लागला, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होते; घरातली ही गोष्ट नव्हती. तो ताटावरून उठला, पण किनवटचे नाव त्यानंतर काढले नाही.

आता कुत्र्याचे काय करावे? त्याच्या अंगचा गुण दाबून टाकणेही बरे नव्हे. न्यूझीलंडमध्ये काकापो नावाचा उडता न येणारा मोठा पोपट आहे. १८९० च्या दशकात रिचर्ड हेन्री या गृहस्थाने मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने रानातले काकापो शोधले आणि सुरक्षित बेटावर नेऊन सोडले. तिकडे आजही किवी पक्षी शोधायला असे कुत्रे वापरतात. हे आम्ही पुतण्याला सांगितले. त्याने बैलाचे मुसके पाहून मोतीच्या मापाचे सुतळीचे मुसके स्वतः विणले.

हिवाळ्यात दर रविवारी दोघे आमच्या मेव्हण्याच्या शेताकडे जातात. उन्हाळा लागला की जाणे बंद, कारण तेव्हापासून पावसाळाभर तित्तर झुडपाच्या बुडाशी जमिनीवर अंडी घालतो. मागच्या खेपेस आम्हीही गेलो होतो. ओढ्याकाठच्या झाडीत घुंगरू वाजता वाजता थांबले. मोती चऱ्हाट सैल असूनही जागचा हलला नाही. पुतण्याने मनातल्या मनात पन्नास आकडे मोजले, मग एक पाऊल पुढे टाकले. दोन तित्तर फडफडत उडाले आणि पलीकडच्या तुरीत उतरले. त्याने खिशातली वही काढून तारीख लिहिली, पुढे आकडा लिहिला दोन, आणि मोतीचे मुसके सोडून त्याला पाणी पाजले.