आजचं उद्याला

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या बाजारचौकात बुधवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. सतराव्या शतकातल्या नगरभवनाभोवती ताडपत्र्यांची छपरं उभी राहतात, आणि शुक्रवारी त्यांत मासळीवाल्यांची भर पडते. सकाळी भाव ताठ असतात. दुपार कलू लागली की ते नरमतात आणि तंबूचे खांब काढायची वेळ झाली की चक्क लोटांगण घालतात. सकाळी डबीवर विकली जाणारी स्ट्रॉबेरी तेव्हा खोक्यावर निघते. गालाला जरासा डाग पडलेले जर्दाळू, एका अंगाने मऊ झालेली आलुबुखारं, सगळं मिळेल त्या किमतीला. विक्रेत्याला गाडी रिकामी करून घरी जायचं असतं आणि आपल्याला ती रिकामी करायला मदत करायची असते.

उतरत्या बाजाराला जाण्याची ही अक्कल मी इथे शिकले नाही. सांगलीला आमची आजी आठवडी बाजाराला दिवेलागणीच्या जरा आधी निघायची. सकाळी बाजाराला जातात ते पाहुणे, असं तिचं मत होतं.

आता मुद्द्याचं बोलायचं, तर घरी केलेला जॅम स्वस्त पडतो हा समज खोटा आहे. इथल्या दुकानात जॅमची बाटली इतकी स्वस्त असते, की पूर्ण भावाने फळ घेतलं, साखर घेतली, शेगडीची किंमत धरली, तर विकतचाच जॅम परवडतो. २०२२ साली गॅसचे दर भडकले, तेव्हा तर मंद आचेवर तासभर काही आटवायचं म्हणजे छातीत धस्स व्हायचं. पुढच्या वर्षी सरकारने दराला छप्पर घातलं. घरामागे १२०० घनमीटरपर्यंतचा गॅस घनमीटरला १ युरो ४५ सेंटने मिळू लागला, आणि कुठे किती आटवायचं याचा हिशेब मांडता येऊ लागला. गंमत म्हणजे बाजारचौकाच्याच कोपऱ्यावर मिंकेलर्सचा पुतळा आहे, हातात गॅसची ज्योत धरलेला. दगडी कोळशापासून उजेडाचा गॅस काढणारा हा शास्त्रज्ञ याच गावात १७४८ साली जन्मला. उतरत्या बाजाराची पिशवी घेऊन त्याच्यासमोरून जाताना मी मनातल्या मनात म्हणते, बाबा रे, शोध चांगला लावलास, पण बिल आम्ही भरतो.

म्हणजे घरची साठवण परवडते ती एकाच अटीवर. फळ त्याच्या वेळेला घ्यायचं. बाजार उतरल्यावरचं, शेजाऱ्याच्या झाडाखाली पडलेलं, ऑगस्टमध्ये मास नदीकाठच्या जाळ्यांतून हात ओरबाडून घेत काढलेलं. काटकसर म्हणजे कमी खर्च करणं, असं आपण सरसकट म्हणतो. मला ती जास्त करून घड्याळ ओळखण्याची विद्या वाटते.

या विद्येचं आणि या गावाचं नातं जरा गमतीचं आहे. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास नदीकाठच्या प्रांतिक कचेरीत बारा देशांनी एका करारावर सह्या केल्या आणि मास्ट्रिख्टचं नाव साऱ्या जगाच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. ज्या देशाला युरो चलन वापरायचं असेल, त्याने वर्षाची तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवावी, कर्ज ६० टक्क्यांच्या आत ठेवावं, असं ठरलं. थोडक्यात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. सांगलीच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे वाक्य फुकट ऐकायला मिळालं असतं. पुढे जर्मनी आणि फ्रान्स या दोन थोरल्या घरांनीच ३ टक्क्यांची रेष ओलांडली आणि २००३ साली त्यांच्यावरची कारवाई थांबवली गेली. थोरल्या घरची उधारी झाकली जाते, धाकट्या घरची चव्हाट्यावर येते. हेही काही आपल्याला नवीन नाही.

डच माणसं घरखर्चाची वही मन लावून लिहितात. कुटुंबांना जमाखर्चाबद्दल सल्ला देणारी ‘निबुड’ नावाची राष्ट्रीय संस्थाच इथे १९७९ पासून आहे. अडीअडचणीला काही रक्कम बाजूला ठेवा, हे ती आवर्जून सांगते. माझीही वही आहे. पण पैशांच्या वहीला एक गोष्ट कळत नाही, ती फडताळाला कळते. कर्ज म्हणजे उद्याचं आज खाणं. बरणी भरणं म्हणजे आजचं उद्याला ठेवणं. जून महिना जानेवारीला उसनं देतो आणि व्याज मागत नाही.

तर जूनची गोष्ट. कैरी इथे आशियाई दुकानात मिळते, पण सोन्याच्या भावाने आणि विमानातून उतरल्यासारखी थकलेली. तिच्या नावाने उसासे टाकत बसण्यापेक्षा इथली आंबट वस्तू शोधावी, हे मला पटलं. वसंतात बाजारात राबार्बरच्या जुड्या येतात. लांब, लालसर देठ, वर हिरवीगार पानं. पानं विषारी, ती विक्रेताच कापून टाकतो. देठ खायचे. चव अशी झणझणीत आंबट, की पहिल्याच घासाला डोळा मिटतो. परंपरेने २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, राबार्बर तोडणं थांबवतात. पुढच्या वर्षासाठी झाडाला दम घेऊ द्यायचा असतो. उरलेलं झाडालाच ठेवायचं, ही काटकसरीची केवढी समजूतदार तऱ्हा.

राबार्बरचा मेथांबा फार सुरेख होतो. एकच पथ्य आहे. कैरीची फोड शिजताना आब राखते, राबार्बर मात्र दोन वाफांत विरघळून लगदा होतो. म्हणून उलटं करायचं. तेल तापवून मोहरी, मग मेथीदाणे. मेथी तांबूस झाली पाहिजे, काळी नाही, नाहीतर अख्खी बरणी कडू. हिंग, हळद, तिखट, मीठ. त्यात गूळ आणि थोडं पाणी घालून रस आधी आटवून घ्यायचा. तो चमच्याला धरू लागला की मग बोटभर लांबीचे देठाचे तुकडे टाकायचे, एक उकळी आली की शेगडी बंद. उरलेलं काम पातेल्याची धग करते. तुकडा बाहेरून शाबूत, आतून लोण्यासारखा, आणि रस लालसर पिवळा.

गूळही इथे महाग. पण गुळाचा एक चुलतभाऊ या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, हे कळायला वेळ लागला नाही. लिंबुर्गचा स्ट्रोप. मास्ट्रिख्टच्या आजूबाजूला, आइस्डेनकडे आणि टेकड्यांवर, उंच खोडांच्या जुन्या फळबागा आहेत. झाडं मोठी, खाली गवतात गाई चरतात. शरदात वाऱ्याने सफरचंदं आणि नाशपती पडतात. पडीच्या फळाला बाजारात भाव नाही. मग ती मोठ्या तांब्याच्या काहिलीत शिजवायची, चेपून रस काढायचा आणि तो तासन्‌तास आटवत न्यायचा. शेवटी उरतो काळा, दाट, आंबटगोड पाक. जुन्या पद्धतीच्या स्ट्रोपमध्ये वेगळी साखर पडत नाही. फळाची असते तेवढीच. पावावर तो लावतात, चीजबरोबर खातात, आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मांसाच्या इथल्या आंबट रश्शाला त्याच्यावाचून रंग चढत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हे सांगायला नको. गुऱ्हाळात काहिलीवर उभा गुळव्या, रानभेंडीच्या चिकाने वर येणारी मळी, ती काढता काढता सोनेरी होत जाणारा रस, आणि नेमक्या क्षणाला काहील उतरवण्याची घाई. एक क्षण चुकला तर गूळ पाघळतो किंवा करपतो. स्ट्रोप आटवणाऱ्याचंही तसंच. मेथांब्यात गुळाऐवजी स्ट्रोप घातला तर त्याचा आंबटपणा राबार्बरच्या आंबटपणाला जरा वरचढ होतो. म्हणून मी निम्मा स्ट्रोप, निम्मी साखर घेते. हे कुठल्याच पुस्तकात नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’त नाही. पण १९७० साली त्या पुस्तकाने वाटी-चमच्याचं माप दिलं आणि आमच्यासारख्या दूरदेशी गेलेल्या मुलींना कुठल्याही स्वयंपाकघरात बिनधास्त उभं राहता आलं. निम्मं हे, निम्मं ते, ही हिंमत तिथूनच आली.

जॅमचा पाक झाला की नाही हे डच बायका थंडगार बशीवर पाहतात. थेंब टाकायचा, घटकाभराने बोटाने ढकलायचा. वर सुरकुती आली तर झालं. आपण तोच थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून तार पाहतो. बशी आणि बोट, दोन्हींना एकच गोष्ट विचारायची असते. पाणी पुरेसं उडालं का? जॅममध्ये साखर साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत गेली, की उरलेलं पाणी ती धरून ठेवते आणि बुरशीला प्यायला काही मिळत नाही. लोणच्यात हेच काम मीठ करतं, वरून तेलाचा थर हवा अडवतो. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, म्हणून जॅम सैल राहतो. त्यात आंबट बोस्कोप सफरचंदाच्या साली आणि बिया फडक्यात बांधून उकळल्या की तो घट्ट धरतो. सालही वाया गेली नाही आणि पेक्टिनची पुडीही आणावी लागली नाही.

बरण्यांचं म्हणाल तर काचेचं झाकण, मध्ये नारिंगी रबराची कडी आणि वर चाप, अशी वेकची बरणी इथल्या जुन्या घरांच्या तळघरात हमखास सापडते. भरलेली बरणी पाण्यात उकळायची, गार झाल्यावर चाप काढून टाकायचा. आतली हवा आकसलेली असते, झाकण आपोआप घट्ट बसतं. चाप काढल्यावर झाकण उचललं गेलं, तर माल बिघडला. आणि खायच्या दिवशी रबराची जीभ ओढली की ‘फुस्स’ असा आवाज येतो. योहान वेकने १९०० साली जर्मनीत या बरणीची कंपनी काढली. मूळ युक्ती त्याआधीची, फ्रान्सच्या निकोला आपेरची. त्याला सरकारने १८१० साली १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं, अट अशी की पद्धत छापून सगळ्यांना सांगायची. त्याने सांगितली. एकाने कृती वाटली म्हणून लाखो घरांची फडताळं भरली. लोणच्याचं प्रमाण विचारल्यावर ‘अंदाजाने गं’ म्हणून हसणाऱ्या समस्त मावशांनी यावर विचार करावा.

पण फडताळ भरण्याच्या या कौतुकाला एक काळी कडा आहे. हे गाव मातीच्या भांड्यांचं. पेत्रुस रगूने १८३४ नंतर इथे काच आणि मातीच्या भांड्यांचे कारखाने उभे केले, त्यांतून पुढे ‘स्फिंक्स’ झाला. इथली ताटं-वाट्या समुद्रापार डच ईस्ट इंडिजपर्यंत गेल्या. आणि १८८७ साली संसदेच्या चौकशी समितीपुढे उघड झालं की या भट्ट्यांवर कोवळी पोरं रात्रपाळीला राबत होती. दुसऱ्यांच्या फडताळासाठी भांडी भाजणाऱ्यांच्या स्वतःच्या फडताळात काय असेल? बेगमी करायला आधी हातात काही उरावं लागतं. गरिबीतली ओढाताण आणि आपल्या मर्जीची काटकसर या दोन्हींना एकाच तोंडाने ‘साधेपणा’ म्हणून नावाजणं बरं नव्हे. माझ्या आजीलाही एके काळी निवड नव्हती. वाळवणं ती हौसेने घालायची, पण मुळात पावसाळ्यात भाजी नसायची म्हणून.

डच काटकसरीची एक वस्तू मात्र मला मनापासून आवडते. तिचं नाव फ्लेसेनलिकर. लांब दांडी, टोकाला अर्धगोल रबर. बाटलीत खाली घालून काचेला चिकटलेलं खिरीसारखं व्ला शेवटच्या चमच्यापर्यंत खरवडून काढायचं. लिंबुर्गची माणसं स्वतःला दिलखुलास खाणारी-पिणारी समजतात आणि असल्या वस्तूंवरून पश्चिमेकडच्या डचांना ‘ते हॉलंडवाले’ म्हणून हसतात. पण शेजारच्या आजीबाईंच्या खणात ती मी पाहिली आहे. विचारलं तर म्हणाल्या, ‘जावई हॉलंडचा आहे ना, त्याच्यासाठी.’

याच आजीबाईंमुळे माझं काटकसरीबद्दलचं मत पक्कं झालं. कवडीचुंबक आणि काटकसरी यांच्यात फरक काय? दोघंही बाटली खरवडतात. पण कवडीचुंबक खरवडतो ते ठेवण्यासाठी. काटकसरी घरात मात्र नेहमी एखादी बरणी जास्तीची असते, आणि ती कुणासाठी आहे हे भरताना ठरलेलं नसतं. उधळ्याच्या घरी द्यायला काही उरत नाही, चिकटूच्या हातून काही सुटत नाही. देणं जमतं ते फक्त बेतानं राहणाऱ्याला. माझा मेथांबा आजीबाईंकडे जातो, त्या तो चीजबरोबर खातात आणि वर अजून तिखट चालेल म्हणतात. भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत मी त्यांना सांगितलेली नाही. त्यांना ती आधीपासूनच ठाऊक असावी, कारण बरणी परत येते ती अक्रोडांनी नाहीतर चेरीच्या मुरंब्याने भरून.

लेक विचारते, ‘आई, चांगल्या बरण्या सगळ्या बाहेर का जातात? आपल्याला ती टवका उडालेलीच का?’ रीत तशीच आहे, बाळा. पहिल्या उताऱ्याचं, नितळ रंगाचं, नव्या रबराच्या बरणीतलं दुसऱ्याला. तळाचं, जरा जास्त आटलेलं, पातेल्याच्या बुडाला धरलेलं आपल्याला. यात त्याग वगैरे काही नाही. चमचा घेऊन पातेल्यापाशी बस आणि ती खरवड खाऊन बघ, म्हणजे या वाटणीत नफ्यात कोण राहिलं ते तुझं तुला कळेल.