माथेरानची तांबडी वाट आणि न सरणारा थकवा

दस्तुरी नाक्याशी मोटारींचे राज्य संपते. पुढे तांबड्या मातीची वाट, दुतर्फा झाडांची गर्द सावली आणि घोड्यांच्या टापा. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेल्या माथेरानमध्ये खासगी मोटारींना प्रवेश नाही. नेरळहून निघणारी, १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी आगगाडी बाजारापर्यंत आणून सोडते. त्यापुढे मुख्यतः पायांचाच भरवसा. शहरात लिफ्ट, रिक्षा आणि वामकुक्षी यांच्या आडोशाला राहिलेला थकवा म्हणूनच येथे उघड्यावर येतो.

आपल्यासोबत आलेल्या ज्येष्ठांना स्लीप अ‍ॅप्निया आहे, असे समजा. वर्षभर ते रोज रात्री सीपॅप यंत्र लावतात. घोरणे थांबले, घरच्यांची झोप सुधारली. तरीही पॅनोरमा पॉइंटच्या निम्म्या वाटेवर ते एखाद्या दगडावर टेकतात आणि म्हणतात, “तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो.” या वाक्याला आळस म्हणू नका आणि वयाच्या खात्यावरही टाकू नका. खरा धोका पुढच्या वाक्यात असतो : “यंत्र लावून काय उपयोग झाला?” येथून यंत्राची रवानगी कपाटात होते, आणि झोपेत श्वास अडखळणे, रक्तातील प्राणवायू घटणे, रक्तदाबावर ताण येणे हे सारे पुन्हा सुरू होते. यंत्र चालू ठेवूनच थकव्याचे कारण शोधावयाचे असते.

त्या दगडापाशीच एक प्रश्न शांतपणे विचारा : डोळे मिटू लागतात, की अंगात बळ उरत नाही? बसल्या बसल्या डुलकी लागणे वेगळे आणि झोप न येता गळून जाणे वेगळे. पहिल्याचे मोजमाप डॉक्टर एपवर्थ प्रश्नावलीने करतात. वाचन, दूरदर्शन, प्रवास अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याच्या शक्यतेला शून्य ते तीन गुण द्यावयाचे. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे मानतात. दुसऱ्या प्रकारात लागलेला दम, छातीतील जडपणा किंवा पायांवरची सूज यांची विचारपूस आधी करावी. ही लक्षणे असतील तर चढ तेथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

संध्याकाळी मुक्कामावर परतल्यावर यंत्राची नोंद पाहा. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी जगापुढे मांडलेल्या या उपचाराचे तत्त्व साधे आहे : हवेच्या सौम्य दाबाने घसा मिटू न देणे. मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडातून हवा निसटली की तो दाब टिकत नाही. झिजलेली गादी, सैल पट्टे, चोंदलेले नाक, धुळीने भरलेली गाळणी ही नेहमीची कारणे. अनेक यंत्रांच्या पडद्यावर वापराचे तास, हवागळती आणि तासाला किती वेळा श्वास अडखळला हे दिसते. हा शेवटचा आकडा सहसा पाचच्या आत हवा. तो वरचेवर अधिक दिसला तर दाब स्वतः न बदलता डॉक्टरांना दाखवा.

आता माथेरानची रात्र. मोटारींचा आवाज नसल्याने मध्यरात्रीचे उठणेही ऐकू येते. लघवीसाठी दोन वाजता मास्क निघतो आणि पुन्हा चढतच नाही, असे पुष्कळ घरांत घडते. स्वप्नांची झोप उत्तररात्री अधिक असते, आणि त्याच टप्प्यात घशाचे स्नायू सर्वाधिक सैलावतात. म्हणजे यंत्राची गरज जेव्हा मोठी, नेमके तेव्हाच ते उशाशी पडून राहते. ‘चार तास वापरले’ एवढ्यावर समाधान मानू नये. झोप आहे तोवर यंत्र हवे, दुपारच्या डुलकीतही.

हे सारे नीट असूनही थकवा उरला तर शोध यंत्राबाहेर न्यावा. रक्तक्षय, थायरॉइडची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अनियंत्रित मधुमेह, हृदय-मूत्रपिंडाचे विकार, मनाची उदासी, रात्री पायांना येणारी अस्वस्थता. शिवाय अ‍ॅलर्जीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या. काहींना मात्र उत्तम उपचारानंतरही दिवसा झोप येत राहते. त्यासाठी औषधे आहेत, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. तोवर नेरळ घाटात गाडीचे चाक त्यांच्या हाती देऊ नये.

निघताना यंत्र घरी ठेवू नका. पाण्याची टाकी रिकामी करून ते पिशवीत घ्यावे. सोबत ऊर्ध्वपातित पाणी, विजेची लांब वायर आणि डॉक्टरांची चिठ्ठी असावी. वीज गेल्यास काय सोय आहे, हे खोली ठरवतानाच विचारावे. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर जावयाचे असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

परतल्यावर दोन आठवडे एका वहीत झोपेची वेळ, मास्क निघाल्याची वेळ, दिवसाच्या डुलक्या आणि चालू औषधे लिहून ठेवा. ती वही आणि यंत्र दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. शक्य असेल तर ज्यांच्या शेजारी ते झोपतात, त्यांनीही सोबत जावे.