६४० बाय ४८० मधली आजी

सुरुवातीलाच सांगून टाकते की मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी आहे. ‘एकोणऐंशी’ म्हटलं की मला अजूनही आधी मनात हिशोब करावा लागतो. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहितेय हे कळल्यावर होस्टेलवर जो हशा पिकला, तो साहजिकच होता. चुका पोटात घाला आणि पुढे वाचा!

तर झालं असं, गेल्या उन्हाळ्यात परीक्षा संपवून मी अमरावतीहून अकोल्याला घरी गेले. अकोल्याचं ऊन काय असतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कूलरसमोरून हलायची सोय नाही. म्हणून आईनं मला कपाट आवरायला बसवलं आणि त्यातून बाबांची जुन्या सीड्यांची थैली निघाली. बाबांचं पूर्वी डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांच्या स्मरणिका... २०१३ मध्ये ते बंद केलं. थैलीत विंडोज ९८ होतं, पेजमेकर ६.५ होतं, मराठी फॉन्ट होते आणि एका सीडीवर मार्करनं लिहिलेलं होतं, ‘आईच्या ओव्या, २००३’.

ही ‘आई’ म्हणजे माझी आजी. ती २००९ मध्ये गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाही. ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची आणि बाबांनी त्या लिहून घेऊन सोळा पानांची पुस्तिका लावली होती, हे मला त्या दिवशी कळलं. “मग छापली का नाही?” मी विचारलं.

“लग्नाचा सीझन होता. मंग राहूनच गेलं,” म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मैत्रिणीकडून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. फाईल तर दिसली, पण ती उघडणारा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर नव्हता. आणि नुसता मजकूर काढला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा! कारण त्या काळी डीटीपीत युनिकोड नव्हता. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी पॅकेजेस होती आणि मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. तोच फॉन्ट नसेल तर ‘क’ हा ‘क’ राहत नाही. म्हणून ठरवलं, बाबांचा जुना कॉम्प्युटरच परत उभा करायचा. व्हर्च्युअलबॉक्स घेतलं, त्यात एक खोटा कॉम्प्युटर बनवला आणि त्यावर विंडोज ९८ चढवलं.

सुरू झालं! पण केवढं? ६४० बाय ४८०, आणि रंग फक्त सोळा. माझ्या १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर पोस्टाच्या तिकिटासारखी खिडकी. पेजमेकर उघडलं तर अर्धी जागा त्याच्या टूलबॉक्सनंच खाल्ली. वाचता येईल एवढं मोठं केलं तर चार ओळी दिसायच्या. पान पूर्ण दिसेल असं केलं तर काना-मात्रा गायब! मुखपृष्ठावर आजीचा स्कॅन केलेला फोटो होता, पण सोळा रंगांत चेहऱ्याच्या जागी नुसते ठिपके. नाक कुठलं, पदर कुठला, काही कळेना.

आता थोडं टेक्निकल. (बोअर झालात तर एक परिच्छेद सोडा.) नव्या सिस्टिम्ससाठी व्हर्च्युअलबॉक्सचे ‘गेस्ट ॲडिशन्स’ असतात, खिडकी ओढली की स्क्रीन आपोआप मोठी होते. विंडोज ९८ साठी ते नाहीतच. त्याला ग्राफिक्स कार्ड ओळखता येत नाही, म्हणून ते १९८७ च्या व्हीजीएवर येऊन थांबतं. उपाय म्हणजे व्हीबीईएमपी नावाचा फुकट मिळणारा ड्रायव्हर. तो कोणत्याही कार्डाशी ‘व्हेसा’ या सर्वांना समजणाऱ्या भाषेत बोलतो. तो टाकून रिस्टार्ट केलं आणि १०२४ बाय ७६८ मिळालं, रंग ६५,५३६! पण फुलस्क्रीन केलं की दोन्ही बाजूंना १७१ पिक्सेलचे काळे पट्टे. समोरासमोरची दोन पानं एकत्र बघायची तर रुंदी हवी होती.

मग कळलं की आपल्या मापाचं रिझोल्यूशन आपणच सांगू शकतो, फक्त दोन ठिकाणी सांगावं लागतं. एक बाहेर. मशीन बंद ठेवून ‘व्हीबॉक्समॅनेज सेटएक्स्ट्राडेटा’ ही कमांड द्यायची, तिच्यात ‘कस्टमव्हिडिओमोड१’ आणि रुंदी, उंची, रंगांचे बिट असे तीन आकडे. असे सोळा मोड देता येतात. दुसरं आत, ड्रायव्हरच्या आयएनएफ फाईलमधल्या मोडच्या यादीत तेच माप लिहायचं. एकालाच सांगितलं तर उपयोग नाही. घरात आईची परवानगी मिळाली तरी बाबांना विचारावंच लागतं ना, तसंच!

मी १३६६ × ७६८ × १६ दिलं. चित्र आलं, पण तिरपं! प्रत्येक ओळ जराशी सरकलेली, सगळी स्क्रीन भिंतीला टेकवलेल्या खाटेसारखी. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी बाबा मागे येऊन उभे राहिले.

“हे काय करून रायली वं?”

मी सांगितलं. त्यांनी आकडा बघितला. “आठनं भाग जाते का पाय बरं त्याले.”

नाही जात. १३६६ ला आठनं भागलं की सहा उरतात. “तुम्हाला कसं कळलं?” तर म्हणे, कसं काय कळायचं, छपाईत पानांचा फॉर्म आठाच्या नाहीतर सोळाच्या हिशोबात बसतो, म्हणून विचारलं. नंतर वाचलं तेव्हा समजलं की व्हीजीए आडव्या मापाची मोजणी आठ-आठ पिक्सेलच्या घासानं करतं आणि तीच सवय पुढे चालत आली. मी १३६० केलं. चित्र सरळ! दोन्ही बाजूंना तीन-तीन पिक्सेल उरले, ते कोणाला दिसतात?

“अवं, हे तं माह्यंच दुकान होय!” बाबा खुर्ची ओढून बसले. मुखपृष्ठ उघडलं. आजीच्या कपाळावरचं मोठं कुंकू दिसलं, आणि तिचे डोळे. हुबेहूब बाबांचे. बाबा काही बोलले नाहीत. मग एकदम प्रूफ तपासायला लागले, “इथं वेलांटी चुकली पाय.” मी एकेक ओवी युनिकोडमध्ये टाइप करत गेले. ‘खुंटा’ म्हणजे मला जमिनीत ठोकलेला खांब वाटला होता. बाबांनी हातानं दळून दाखवलं, जात्याचा धरायचा दांडा.

शेवटी बारावं आणि तेरावं पान एकत्र उघडलं. डावं पान भरलेलं आणि उजवं कोरं. वर एकच ओळ होती, ‘उरलेल्या ओव्या आईला विचारून भरणे’. पुढची तीन पानंही तशीच. छोट्या खिडकीत मी कधी तिथपर्यंत सरकलेच नव्हते.

बाबा बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, “विचारायचंच राहून गेलं.” सीझनचं कारण या वेळी सांगितलं नाही.

त्या रात्री आम्ही मूर्तिजापूरच्या आत्याला फोन केला. तिला पाच ओव्या आठवल्या, त्यातली एक अर्धी. बाबांना दोन. फोनवरच दोघांचं भांडण झालं की ‘आई असं म्हणायचीच नाही’! तेरावं पान भरलं, चौदावं थोडं. बाकीची दोन पानं अजून कोरी आहेत आणि बाबा म्हणतात, तशीच छापू.

मित्रांनो, रिझोल्यूशन वाढवायची युक्ती मी वर दिलीच आहे. कुठे अडलात तर रूमवर या. पण ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी आधी सुट्टीत घरी जावं आणि तिच्याजवळ वही-पेन घेऊन बसावं. पानं नंतर लावता येतात.