मरळीचा गळ कसा काढावा

उजनी धरणाचे पाणी आमच्या शिवाराला लागून आहे. रविवारी मी आबांबरोबर गळ टाकायला जातो. मासा लागला की मला फार आनंद होतो. पण आबा म्हणतात, "गळ टाकणं सोपं, काढणं अवघड."

मरळीच्या जबड्यात टोकदार दात असतात. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते. निपचित पडली तरी एकदम उसळते. "तिच्या तोंडात बोट घालायचं न्हाई, पोरा," असे आबा दर वेळी बजावतात.

आबा आधी हात भिजवतात. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग ओल्या फडक्यात मरळ कल्ल्यांच्या मागे धरतात. गळ ज्या वाटेने आत गेला, त्याच वाटेने लांब पक्कडीने मागे काढतात. गळाचा उलटा काटा ते घरीच दाबून ठेवतात. त्यामुळे गळ चटकन सुटतो.

पावसाळ्यात मरळ आपल्या लालसर पिलांची राखण करते. तेव्हा ती लागली तर आबा तिला पाण्यात अलगद सोडतात. गळ खोल गेला असेल तर ओढत नाहीत, तोंडाजवळ तंगूस कापतात. "ही गेली तर पिलं कोण राखंल?" असे ते म्हणतात.

मित्रांनो, गळ आपल्याच बोटात रुतला तर उपटू नका. मोठ्या माणसांना सांगा, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे डॉक्टरांना विचारा.