आत्याच्या घरी मोत्या

आम्ही उभयता भुसावळचे. एक तहसील कचेरीतून निवृत्त, एक शाळेतून. मुलगा पुण्याला नोकरीला. घरात तिसरा जीव म्हणजे मोत्या. अकरा वर्षांपूर्वी मुलाने त्याला भर पावसात नाल्याच्या कडेवरून उचलून आणले होते. ‘कोणत्या जातीचा हो?’ असे लोक विचारतात. आम्ही सांगतो, ‘जातीचा नाही, आमचा आहे.’

यंदा आमच्या आत्याला पणतू झाला. नामकरणाला या, म्हणून आतेभावाचा फोन आला. जायचे तर होतेच. आत्याचे वय शहाऐंशी, पुन्हा भेट होईल न होईल. प्रश्न मोत्याचा होता. गेल्या वर्षापासून त्याला फिट येते. सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी द्यावी लागते, ती आमच्याच हातून घेतो. ज्या शेजारणीकडे त्याला ठेवत होतो, ती लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. शेवटी ठरवले, मोत्याला बरोबर न्यायचे. आतेभावाला मात्र आधी विचारले नाही. ‘आपलीच माणसे आहेत, नाही कशाला म्हणतील?’ असे आम्ही गृहीत धरले. पहिली चूक तिथेच झाली.

रेल्वेत कुत्रा नेणे सोपे नाही. स्लीपरमध्ये किंवा थ्री टायरमध्ये त्याला परवानगी नसते. फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे आपल्या नावावर असेल तर जवळ ठेवता येतो, पण पेन्शनवरच्या माणसाने ते भाडे कुठून आणावे? मग उरतो गार्डच्या डब्यातला पिंजरा. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पिंजरा मात्र तोच आहे. प्रवासास योग्य असल्याचा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला घेतला, लसीचे पुस्तक घेतले, पार्सल ऑफिसात पैसे भरून पावती केली. रात्रभर आम्हाला झोप नाही. मनमाडला, कल्याणला गाडी थांबली की एकाने प्लॅटफॉर्मवरून शेवटच्या डब्यापर्यंत पळत जायचे, पिंजऱ्यात हात घालायचा, त्याने हात चाटला की परत पळत यायचे.

पहाटे कुर्ल्याच्या टर्मिनसवर उतरलो. दोन रिक्षावाल्यांनी मोत्याला पाहून मान हलवली. तिसरा म्हणाला, ‘खाली चादर टाका आणि बसा.’ त्या भल्या माणसाने आम्हाला पूर्व द्रुतगती मार्गाने मुलुंडला नेले. वाटेत घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर लागले. आजवर आमची मुंबई म्हणजे हीच वस्ती. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात इथे आपले दहा जण गेले. त्या दिवशी आत्या उंबऱ्यातच होती. आता तिथे एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना आली आहे. आत्याचे घर त्यात गेले. नवे घर मिळेपर्यंत आतेभावाने मुलुंड पूर्वेला भाड्याची जागा घेतली होती. आम्हाला ती नवीनच.

इमारत सात मजली, घर चौथ्या मजल्यावर. फाटकातच वॉचमनने अडवले, ‘कुत्रा लिफ्टमधून नाही.’ मोत्याचे मागचे पाय आता जिना चढत नाहीत. आतेभाऊ धावत खाली आला. मोत्याला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण तोंडातून शब्द काढला नाही. रिक्षातलीच चादर घेतली, तिची झोळी केली आणि आम्ही दोघांनी ती झोळी चार मजले वर नेली. दमून दारात टेकलो तोच आतून आत्याचा आवाज आला.

‘जयभीम, बाबांनो, या. पण ते कुत्रं बाहेर बांधा.’

आम्हाला फार लागले. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला असे म्हणायचे? आतेभावाच्या सुनेने बाळाला पोटाशी धरून विचारले, ‘काकी, बाळाच्या अंगावर जाणार नाही ना?’ तिची भीती समजण्यासारखी होती. मोत्याला गॅलरीत बांधले, मधला दरवाजा लावला. आत्याचा राग मात्र समजेना.

दुपारी चहा घेताना तीच म्हणाली, ‘तुम्हाला वाईट वाटलं ना? ऐका. मी सहा-सात वर्षांची असेन. पाटलाच्या ओट्यावर कुत्रं पसरलेलं असायचं. त्याला कुणी हाड म्हणत नव्हतं. माझी माय भाकरी मागायला जायची, ती अंगणाच्या बाहेर उभी. कुत्र्याची भाकरी थाळीत, आमची वरून पदरात टाकलेली. तेव्हापासून कुत्रं मला डोळ्यापुढं नको.’

आम्ही खाली मान घातली. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी मोकळे होते आणि आपल्या माणसांना बंदी होती, हे आम्ही पुस्तकात वाचलेले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले, हे दरवर्षी भाषणात ऐकलेले. पण घरातल्याच एका म्हातारीच्या मनात ते कुत्र्याच्या रूपाने बसले असेल, हे कधी ध्यानात आले नाही.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. कुत्रा आणल्याची तक्रार आली होती. आम्ही सांगितले की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच परिपत्रक काढले आहे, सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. आतेभावाने हळूच आमचा हात दाबला. नंतर आम्हाला कळले. ही जागा मिळण्याआधी त्याला तीन ठिकाणी आडनाव विचारून परत पाठवले होते. इथला करार अकरा महिन्यांचा. नियम आमच्या बाजूने होता, पण मालकाला एक फोन गेला असता तर तान्ह्या बाळासह बिऱ्हाड त्याला हलवावे लागले असते. आम्ही तीन दिवसांचे पाहुणे, किंमत मात्र तो मोजणार होता.

सेक्रेटरी म्हणाले, ‘ते काही असो. खाली फाटकाबाहेर बांधा. पाणी तिथेच ठेवा. लिफ्टला शिवायला नको.’

‘शिवायला’ हा शब्द आत्याच्या कानावर पडला. काठी टेकत ती दारापर्यंत आली. आवाज चढवला नाही. फक्त विचारले, ‘शिवलं तर काय होईल, बाबा?’

सेक्रेटरींना उत्तर सुचेना. आम्ही लसीचे पुस्तक पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, गॅलरीतल्या मोत्याकडे पाहिले. मग म्हणाले, ‘तीन दिवसच ना? जिन्याने न्या-आणा, आणि गॅलरीतच ठेवा.’ आम्ही होकार दिला. लिफ्टचा हट्ट धरला नाही. आतेभावाच्या जिवावर आम्ही लढाई करणे बरे नव्हते.

ते गेल्यावर आत्या आत गेली. आपल्या पाणी प्यायच्या स्टीलच्या वाटीत पाणी भरले आणि गॅलरीत मोत्यापुढे ठेवले. तो लपालपा प्यायला. ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, ‘तुझा काय दोष? ओट्यावर तुला बसवणारे वेगळे होते.’

रात्री आम्ही तिला कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. वाराणसीच्या राजाच्या रथाचे कातडी पट्टे पावसात भिजले आणि महालातल्या कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा, महालातली सोडून. तेव्हा स्मशानात राहणारा कुत्र्यांचा प्रमुख, म्हणजे त्या जन्मीचे बोधिसत्त्व, राजापुढे गेला. एकाला अभय आणि बाकीच्यांना मृत्यू, हा न्याय कसा, असे त्याने विचारले. महालातल्या कुत्र्यांना ताकातून दर्भ पाजायला लावला, तेव्हा त्यांच्या पोटातून कातडे बाहेर पडले. राजाने सर्व प्राण्यांना अभय दिले. आत्या म्हणाली, ‘म्हणजे तेव्हाही महालातल्यांचं पाप बाहेरच्यांच्या माथी मारत होते.’

दुसऱ्या दिवशी नामकरण झाले. त्रिशरण-पंचशील घेताना वीस-पंचवीस माणसे त्या लहान घरात दाटीने बसली होती. मोत्या गॅलरीत पडून होता, एकदाही भुंकला नाही. खीर वाटताना आत्याने सुनेला सांगितले, ‘त्याला भाकरी दे. थाळीत दे.’ आणि मग आमच्याकडे पाहून हसली.

वाचक बंधु-भगिनींनो, मुक्या जनावराला घेऊन नातलगांकडे जाण्याची वेळ तुमच्यावरही येईल. आधी फोन करून विचारा, आणि नाही म्हणाले तर राग धरू नका. लसीचे पुस्तक, साखळी, त्याची चादर आणि भांडे बरोबर ठेवा. घरात तान्हे मूल असेल तर त्याला एकटे मुलाजवळ सोडू नका. आपला कुत्रा कितीही गरीब असला तरी जखम झालीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. आणि ज्यांच्या घरी जाता ते भाड्याने राहतात की स्वतःच्या जागेत, याचाही विचार करा. आम्ही तो केला नव्हता.

आम्ही भुसावळला परतलो. परवा आत्याचा फोन आला. आमची खुशाली विचारायच्या आधी तिने विचारले, ‘त्याने गोळी घेतली का?’