क्रूझला कधी जावं? – मुलांच्या सुट्ट्या, गर्दी आणि आपली तब्येत

गेल्या महिन्यात माझे एक जुने पेशंट बायकोला घेऊन क्लिनिकमध्ये आले. वय ७१, बँकेतून निवृत्त, बीपी आणि शुगर आटोक्यात, दोन्ही कानांना मशीन. मुलाने दोघांसाठी क्रूझचे पैसे पाठवले होते. जायला हरकत नाही ना, एवढंच विचारायला ते आले होते. तपासून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टर, बोटीवर लहान मुलं कमी असतात असा काळ कोणता हो?"

बायको लगेच म्हणाली, "अहो, असं काय बोलता? आपल्यालाही नातवंडं आहेत."

ते बिचारे ओशाळले. मला मात्र त्यांच्या प्रश्नात काहीच चुकीचं वाटलं नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात तो असेल आणि तुम्हीही तो विचारायला लाजत असाल. म्हणून आज त्याबद्दल लिहितो. सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

२०१८ च्या मार्चमध्ये माझ्या पत्नीची स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं पार पडलं. तिला समुद्र पाहायचा होता. मी उत्साहाने सिंगापूरहून निघणाऱ्या, पेनांग आणि फुकेतला जाऊन येणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलं. महिना? अर्थातच मे. आमचा मुलगा शाळेत असल्यापासून आमच्या घरी सुट्टी म्हणजे मे महिना. मुलगा नोकरीला लागला तरी माझ्या डोक्यातलं कॅलेंडर बदललं नव्हतं.

बोटीवर पाय ठेवला आणि लक्षात आलं की निम्म्या भारतातल्या शाळांना सुट्टी आहे. स्विमिंग पूल, लिफ्ट, जेवणाचा हॉल, सगळीकडे मुलंच मुलं. मुलं मजेत होती, त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण पत्नीला दुपारी झोप मिळेना. जेवणाच्या रांगेत पंधरा मिनिटं उभं राहिली की तिचे पाय थरथरायचे. तिसऱ्या दिवशी तिला खोकला आणि ताप आला. फुकेत तिने केबिनच्या खिडकीतून पाहिलं. तो ताप मुलांमुळे आला असं मी म्हणणार नाही. विमानातून आला असेल, माझ्याकडूनही आला असेल.

त्या रात्री मी म्हणालो, "अगं, निघण्यापूर्वीचे तुझे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते." ती म्हणाली, "रिपोर्ट नॉर्मल होते हो. मी होते का, ते तुम्ही विचारलंच नाही."

तीस वर्षं मी पेशंटला 'भूक कशी आहे, झोप कशी आहे' विचारत आलो. घरी मात्र विचारलं नाही.

केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण काही आठवड्यांत पूर्ववत होतात. थकवा मात्र अनेकांना कित्येक महिने पुरतो, आणि तो कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. कानाच्या मशीनचंही तसंच. गोंगाटात मशीन बाजूच्या माणसाच्या शब्दांबरोबर आजूबाजूचा कलकलाटही मोठा करतं. दिवसभर कान देऊन ऐकायचं म्हणजे मेंदूला कष्टच. संध्याकाळपर्यंत माणूस दमतो, चिडतो, बोलणं टाळतो. दमा, सीओपीडी किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर साधी सर्दीसुद्धा छातीत उतरू शकते. लहान मुलांना सर्दी-फ्लू वारंवार होतो आणि त्यांच्याकडून त्याचे विषाणू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस बाहेर पडत राहतात. म्हणून अशा व्यक्तीने शांत काळ निवडणं हा मुलांचा राग नव्हे. ती तब्येतीची काळजी आहे.

मग तो काळ शोधायचा कसा? दोन शालेय कॅलेंडर पाहा: बोट जिथून सुटते तिथलं आणि बोटीवर जिथले प्रवासी जास्त असतात तिथलं. सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर असते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकेक आठवडा असतो. आपली गर्दी मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात. उरतो तो आपल्या परीक्षांचा काळ, म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चचा काही भाग. त्यात फक्त चिनी नववर्षाचा आठवडा टाळायचा. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींनाही परीक्षांचा हाच हिशोब लावा.

युरोपात भूमध्य समुद्रात जायचं असेल तर शाळा उघडल्यानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे. अलास्काला मे महिन्याची सुरुवात किंवा सप्टेंबर. अमेरिकेतून कॅरिबियनला जाताना तिथल्या शाळांची मार्च-एप्रिलमधली वसंताची सुट्टी, जून ते ऑगस्ट आणि नाताळ टाळा. लांबच्या, दहा-बारा रात्रींच्या सफरींवर मुलं एरवीही कमी असतात. काही कंपन्या तर १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत.

पण शांत काळ म्हणजे सुरक्षित काळ असं समजू नका. कॅरिबियनला सप्टेंबरमध्ये मुलं कमी आणि तिकीट स्वस्त असतं, कारण अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि सप्टेंबर हा त्यातला ऐन जोराचा महिना. हलत्या बोटीवर तोल जाऊन सत्तरीत खुब्याचं हाड मोडणं हे मुलांच्या गोंगाटापेक्षा फार महागात पडतं. मळमळीच्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसांना गुंगी येते. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. काचबिंदू असलेल्यांनी तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. केबिन शक्यतो बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात.

बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरसही मुलं नसली म्हणून घरी बसत नाही. मोठ्यांच्याच बोटीवरही तो पसरतो, आणि सफर लांबली की शक्यता वाढते. सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा उपयोग होत नाही. जेवणाआधी आणि संडासनंतर साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवा. फ्लूची लस प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, चार-पाच दिवसांची जास्तच. विमा घेताना बोटीवरून हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च त्यात आहे का आणि तुमचा जुना आजार त्यात धरला आहे का, हे वाचून घ्या.

आम्ही २०१९ च्या फेब्रुवारीत, शेवटच्या आठवड्यात, त्याच मार्गावर पुन्हा गेलो. या वेळी तारीख तिने ठरवली. समुद्र शांत होता. अंदमानच्या समुद्रात तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वारे नसतात, मे महिन्यात ते सुरू होतात. मुलं थोडीच होती. ती दुपारी दोन-दोन तास झोपायची आणि संध्याकाळी डेकवर फिरायची. फुकेतला ती उतरली. एका सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावरच्या चार वर्षांच्या मुलीने तिच्या नव्याने आलेल्या कुरळ्या केसांना हात लावून पाहिला, तेव्हा ती खळखळून हसली. तिला मुलं नको होती असं नव्हतंच. त्यांच्यासोबत हसण्याइतकी ताकद आधी अंगात यायला हवी होती.

त्या आजोबांना मी फेब्रुवारी सुचवला. त्यांच्या पत्नीला विचारलं, "ताई, तुम्हाला काय हवंय?" त्या जरा थांबून म्हणाल्या, "हे मला ऐकू शकतील अशी जागा हवी. घरी टीव्हीच्या आवाजात काही बोलणंच होत नाही."

तुम्हीही बुकिंग करण्यापूर्वी हाच प्रश्न सोबत येणाऱ्या माणसाला विचारा. तारीख त्यानंतर ठरवा.