फाईलीतील पहिला कागद

लखनऊ छावणीत बदली होऊन आलो, तेव्हा सामानात दोन पेट्या, एक वळकटी आणि कोर्टाच्या कागदांची एक जाड फाईल होती. चार वर्षे ती फाईल मी रोज रात्री उघडत राहिलो. दर दोन-तीन महिन्यांनी रजा टाकावी, पुष्पक एक्स्प्रेसने मुंबई गाठावी, दिवसभर बाकावर बसावे आणि पुढची तारीख घेऊन परतावे. कचेरीतील शेजारी विचारीत, "घर में सब कुशल?" मी मान हलवी. रात्री मात्र पत्नीच्या आरोपांना मनातल्या मनात उत्तरे जुळवीत जागा राही.

ती घर सोडून गेल्यावर, तिने नांदायला परत यावे म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली पहिला अर्ज मीच केला होता. आपण संसार वाचवीत आहो, अशी तेव्हा माझी समजूत होती.

गेल्या हिवाळ्यात डॉ. रखमाबाईंची हकीकत वाचली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नांदायला यावे म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये 'पतीकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात' असा निकाल झाला. तिने तुरुंग पसंत केला. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. पुढे लंडनला वैद्यक शिकून त्यांनी सुरत आणि राजकोट येथे रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी आलेल्या हिंदू विवाह कायद्याने देशभर घटस्फोटाची वाट मोकळी केली. पण दादाजींची मागणीही कलम ९ च्या रूपाने त्यात राहिली.

वाचताना मी अर्थातच रखमाबाईंच्या बाजूचा होतो. मग एकदम ध्यानी आले, की माझ्या फाईलीतील पहिला कागद दादाजींचाच आहे.

त्या संध्याकाळी दिलकुशाच्या भग्न भिंतींपाशी बराच वेळ बसलो. न्यायालय विवाह मोडू शकते. 'तुझेच खरे होते' असे सांगून मनाला स्वस्थता देणे त्याच्या अधिकारात नाही. मी मात्र चार वर्षे तीच मागत होतो.

पुढच्या तारखेस तो अर्ज मागे घेतला. आता परस्परसंमतीचा अर्ज दाखल आहे. सहा महिन्यांची मुदत चालू आहे. झोप पूर्ववत झाली आहे, असे नाही. परंतु परवा शेजाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मी खरे सांगितले. तो काही बोलला नाही. आपल्या कुल्हडातील अर्धा चहा त्याने माझ्या पेल्यात ओतला.